अ‍ॅम्स्टरडॅमचे सागरी संग्रहालय पाहताना या चुका टाळा

युरोप दौऱ्यावर आलेल्या पाहुण्यांना कालवे, ट्यूलिपच्या बागा आणि व्हॅन गॉगची चित्रे दाखवून झाली की अ‍ॅम्स्टरडॅमला राहणारा मराठी माणूस त्यांना बहुधा राष्ट्रीय सागरी संग्रहालयात घेऊन जातो. शहराच्या मध्यभागापासून थोडे पूर्वेला, काटेनबुर्ख या सतराव्या शतकात पाण्यात भराव घालून तयार केलेल्या बेटाच्या टोकाशी, १६५६ मध्ये बांधलेल्या एका भल्यामोठ्या चौकोनी कोठारात १९७३ पासून हे संग्रहालय आहे. पाहुण्यांच्या सोबतीने मी तिथे वर्षानुवर्षे जात आलो आहे आणि त्याच त्या चुका होताना पाहून आता खरोखर कंटाळलो आहे. यांतल्या बहुतेक चुका घाईमुळे होतात आणि उरलेल्या, कोणीतरी छातीठोकपणे सांगितलेल्या चुकीच्या माहितीमुळे.

जहाज पाहिले म्हणजे संग्रहालय पाहिले, असे समजणे

ही चूक सर्वांत मोठी आहे, म्हणून तिच्याबद्दल विस्ताराने लिहितो. संग्रहालयाच्या धक्क्याला ‘अ‍ॅम्स्टरडॅम’ नावाचे तीन डोलकाठ्यांचे देखणे जहाज बांधलेले असते. प्रवेशद्वारातून आत आलेला पर्यटक मधले अंगण ओलांडून पलीकडच्या दाराने थेट त्या जहाजाकडे जातो, तोफेवर हात ठेवून एक आणि डोलकाठीला टेकून दुसरे छायाचित्र काढून घेतो आणि अर्ध्या तासात ‘झाले पाहून’ म्हणत बाहेर पडतो. अंगणाच्या तिन्ही बाजूंच्या दालनांत काय आहे, याची त्याला कल्पनाही नसते.

आमचे एक काका, सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले अभियंते, पहिल्यांदा आले ते एका प्रवासी कंपनीबरोबर. कंपनीने सकाळी पवनचक्क्या आणि दुपारी नौकाविहार यांच्या मधल्या फटीत हे संग्रहालय बसवले होते आणि त्यासाठी चाळीस मिनिटे राखून ठेवली होती. बरोबरच्या मार्गदर्शकाने सर्वांना सरळ जहाजावर नेले आणि सांगितले की हे जहाज तीनशे वर्षांपूर्वी भारतातून मसाले घेऊन इथे येत असे, पुढे ते बुडाले आणि समुद्रातून वर काढून दुरुस्त करण्यात आले. काकांनी हे प्रमाण मानले आणि पुण्याला परतल्यावर सोसायटीच्या गणेशोत्सवात त्यावर सचित्र भाषणही दिले. पुढे ते आणि काकू आमच्याकडे मुक्कामाला आले तेव्हा जेवताना हा विषय निघाला. ‘काका, ते जहाज १९९० मध्ये बांधून पूर्ण झाले आहे,’ असे मी म्हणताच त्यांनी जेवण अर्धवट ठेवून मोबाइलमधल्या छायाचित्रांत मला लाकडाची झीज दाखवायला सुरुवात केली.

वस्तुस्थिती अशी आहे. मूळ ‘अ‍ॅम्स्टरडॅम’ हे डच ईस्ट इंडिया कंपनीचे जहाज १७४८ मध्ये तयार झाले, पहिल्याच सफरीवर बटाव्हियाकडे, म्हणजे आजच्या जकार्ताकडे निघाले आणि वादळात सुकाणू गमावून जानेवारी १७४९ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर हेस्टिंग्जजवळ रुतले. आशिया त्याने कधी पाहिलाच नाही, त्यामुळे तिथून मसाले आणण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. त्याचा सांगाडा आजही त्याच किनाऱ्याच्या वाळूत असून मोठ्या ओहोटीच्या वेळी त्याची लाकडे उघडी पडतात. अ‍ॅम्स्टरडॅमच्या धक्क्यावर आहे ती प्रतिकृती. ती १९८५ ते १९९० या काळात स्वयंसेवकांच्या मेहनतीने बांधली गेली. काकांनी दाखवलेली झीज खोटी नव्हती. पण ती तीन शतकांच्या लाटांची नसून तीन दशकांच्या पर्यटकांच्या बुटांची होती.

प्रतिकृती आहे म्हणून जहाजाकडे पाठ फिरवावी, असे मी मुळीच म्हणत नाही. खालच्या मजल्यावर वाकून चालताना, इतक्या अरुंद जागेत शेकडो माणसे आठ-आठ महिने कशी राहत असतील याचा जो अंदाज येतो, तो कोणत्याही फलकावरच्या मजकुराने येत नाही. माझे म्हणणे एवढेच की जहाज शेवटी पाहावे. आधी दालनांतली चित्रे, होकायंत्रे, नकाशे आणि जहाजांचे नमुने पाहिलेले असले, तर जहाजावरची प्रत्येक दोरी आणि प्रत्येक कोनाडा ओळखीचा वाटतो. उलट क्रमाने गेल्यास जहाज ही केवळ लाकडी जत्रा होते आणि नंतर दालनांत मन रमत नाही. मुले बरोबर असतील तर हा क्रम पाळणे कठीण जाते, हे मान्य आहे, परंतु मुलांच्या नावाखाली मोठी माणसेच जहाजाकडे अधिक वेगाने धावतात, हेही मी पाहिले आहे.

कोठार डच ईस्ट इंडिया कंपनीचे होते, असे सांगत सुटणे

ही माझी दुसरी दुखरी नस. धक्क्यावर कंपनीचे जहाज आणि मागे जुने कोठार, म्हणजे कोठारही कंपनीचेच, असा सरळ हिशेब बहुतेक जण मांडतात. हे कोठार कंपनीचे कधीच नव्हते. ते अ‍ॅम्स्टरडॅमच्या नौदल मंडळाने, म्हणजे युद्धनौकांचा कारभार पाहणाऱ्या सरकारी संस्थेने बांधले. १६५२ ते १६५४ या काळात इंग्लंडशी झालेल्या पहिल्या युद्धात डचांना चांगलाच मार बसला होता. व्यापारी जहाजांवर तोफा चढवून युद्ध जिंकण्याचे दिवस संपले आहेत, हे त्या युद्धाने दाखवून दिले आणि कायमच्या आरमाराची व त्याच्या सामग्रीसाठी कायमच्या कोठाराची गरज निर्माण झाली. तोफा, शिडे, दोरखंड, निशाणे असे युद्धनौकेला लागणारे सर्व साहित्य इथे ठेवले जाई. कंपनीचे स्वतःचे मोठे सागरी कोठार येथून जवळच, ओस्टेनबुर्ख या वेगळ्या बेटावर होते आणि ते १८२२ मध्ये कोसळले. तिथेच कंपनीची गोदीही होती. दोन कोठारे, दोन मालक, दोन बेटे. त्यांतले एकच आज उभे आहे आणि म्हणून दुसऱ्याचा इतिहासही त्याच्याच नावावर चढवला जातो.

हा फरक समजला की इमारत निराळी दिसू लागते. काकांना दुसऱ्या दिवशी मी जहाजाकडे नेलेच नाही. बाहेरच्या भिंतीपाशी उभे करून फक्त एवढे सांगितले की या जागी पूर्वी पाणी होते, हे अ‍ॅम्स्टरडॅमच्या मऊ गाळात ठोकलेल्या लाकडी खांबांवर उभे आहे आणि सारे बांधकाम सुमारे नऊ महिन्यांत उरकले होते. बांधकाम खात्यात हयात घालवलेल्या माणसाला याहून अधिक काही सांगावे लागत नाही. वास्तुरचना दानियल स्टालपार्ट याची. डाम चौकातल्या त्या वेळच्या नव्या नगरभवनाचे, आजच्या राजवाड्याचे कामही तोच पाहत होता. दुरून दगडी वाटणाऱ्या या भिंती प्रत्यक्षात विटांच्या आहेत. १७९१ मध्ये लागलेल्या आगीत आतला भाग जळून गेला, भिंती उभ्या राहिल्या आणि दुरुस्तीच्या वेळी त्यांच्यावर गिलावा चढवला गेला, त्यामुळे आजचे फिकट दगडासारखे रूप तिला मिळाले. अंगणाखाली पावसाचे पाणी साठवण्याची तळघरे होती आणि ते पाणी जहाजांना पिण्यासाठी दिले जाई. हे ऐकल्यावर काका छपराचे उतार आणि पन्हळी न्याहाळण्यात असे गुंतले की काकू वैतागून उपाहारगृहात जाऊन बसल्या. जहाजावर जायला त्या दिवशी वेळ उरला नाही आणि काकांनी त्याबद्दल तक्रारही केली नाही.

अंगणात मान खाली घालून चालणे

२००७ ते २०११ या काळात इमारतीचे मोठे नूतनीकरण झाले आणि मधल्या अंगणावर काच व पोलादाचे छत घालण्यात आले. बेल्जियन अभियंते लोराँ ने यांनी त्याची रचना जुन्या सागरी नकाशांवरच्या, दिशाचक्रातून निघून एकमेकींना छेदणाऱ्या रेषांच्या जाळ्यावरून केली. तिकीट दाखवून आत आलेली माणसे मोबाइलमध्ये पुढचा कार्यक्रम पाहत या छताखालून निघून जातात. माझी सवय अशी, की पाहुण्यांना आधी नकाशांच्या दालनात न्यायचे, रेषांचे ते जाळे कागदावर दाखवायचे आणि परत अंगणात आणून वर पाहायला सांगायचे. यात थोडी पायपीट होते. ज्यांना ती नको असेल त्यांनी निदान बाकावर पाच मिनिटे बसावे.

इथून जहाजे भरून थेट समुद्रात जात, असे गृहीत धरणे

धक्क्यावर उभे राहून ‘समुद्र कुठे आहे?’ असे विचारणारे पुष्कळ भेटतात आणि त्यांचा प्रश्न रास्तच आहे. आज समोर दिसते ते पूर्व गोदीचे संथ पाणी. ही गोदी १८३२ मध्ये बांध घालून बंदिस्त झाली, १८८९ मध्ये कृत्रिम बेटांवर मध्यवर्ती रेल्वे स्थानक उभे राहिल्यावर शहराचा खुल्या पाण्याशी असलेला संबंध आणखी तुटला आणि १९३२ मध्ये मोठा सागरी बंधारा पूर्ण होऊन पूर्वीच्या खाडीचे गोड्या पाण्याचे सरोवर झाले. मात्र खुल्या समुद्राच्या काळातही पूर्ण भरलेले मोठे जहाज इथून निघू शकत नसे. शहराबाहेर पाम्पुस नावाचा गाळाचा उथळ पट्टा होता. त्यावरून मोठी जहाजे हलक्या अवस्थेत न्यावी लागत आणि माल, तोफा व माणसे उत्तरेकडे टेक्सेल बेटाजवळच्या नांगरवाड्यात चढवली जात. सतराव्या शतकाच्या अखेरीस एक युक्ती निघाली. जहाजाच्या दोन्ही अंगांना मोठ्या पोकळ पेट्या पाण्याने भरून बांधायच्या, मग पाणी उपसायचे, म्हणजे पेट्यांबरोबर जहाजही वर उचलले जाते. मुंबईच्या खोल नैसर्गिक बंदराशी परिचित असलेल्या माणसाला हे ऐकून आश्चर्य वाटते. ज्या शहराने अर्धे जग पालथे घातले, त्याच्या दारात पुरेसे पाणीही नव्हते. एवढे माहीत असले की दालनांतली, टेक्सेलजवळ नांगरून पडलेल्या ताफ्यांची चित्रे इतकी का, याचा उलगडा होतो.

राजनौका न पाहता निघून जाणे

ती बाहेर, स्वतंत्र नौकागृहात आहे, म्हणून सुटते. राजे पहिले विलेम यांच्यासाठी १८१६ ते १८१८ या काळात बांधलेली, सोन्याच्या वर्खाने मढवलेली ही नौका वीस वल्हेकरी चालवत आणि ती शेवटची १९६२ मध्ये राणी युलियाना यांच्या विवाहाच्या रौप्यमहोत्सवासाठी पाण्यात उतरली. अवश्य पाहावी.

नावांचा गोंधळ

‘बटाव्हिया’ या जहाजाची प्रतिकृती इथे नाही, ती लेलिस्टाड या वेगळ्या शहरात आहे. रॉटरडॅमचे सागरी संग्रहालय निराळे. १६६७ मध्ये मेडवे नदीत शिरून डचांनी पळवून आणलेल्या ‘रॉयल चार्ल्स’ या इंग्रज युद्धनौकेच्या पिछाडीचे कोरीव काम पाहायचे असेल, तर राइक्सम्यूझियममध्ये जावे लागते. वाटेत लागणारी जहाजाच्या नाळेसारखी हिरवी इमारत म्हणजे नेमो हे विज्ञान संग्रहालय आहे. तिच्या रांगेत उभे राहून ‘जहाज कुठे आहे’ असे विचारणारे मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहेत.

आपला इतिहास चुकीच्या जागी शोधणे

मराठी पाहुणा हमखास विचारतो, ‘शिवाजी महाराजांबद्दल इथे काय आहे?’ प्रश्न चांगला आहे, जागा चुकीची आहे. डच ईस्ट इंडिया कंपनीने १६३७ मध्ये वेंगुर्ल्याला वखार घातली, गोव्याच्या पोर्तुगीजांची नाकेबंदी करताना तिचा उपयोग केला आणि तिथून गेलेल्या पत्रांत आपल्याकडच्या राजकारणाच्या बातम्या आढळतात. पण कंपनीचे दप्तर हेग येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. ते जुन्या वळणाच्या डच अक्षरांत लिहिलेले असून सुट्टीतल्या एका दुपारी चाळण्याजोगे नाही. सागरी संग्रहालयात आपल्यासाठी खरी मेजवानी आहे ती नकाशांची आणि पृथ्वीगोलांची. विलेम ब्लाऊ हा नामवंत नकाशाकार १६३३ पासून कंपनीचा अधिकृत नकाशाकार होता आणि त्याच्या कार्यशाळेतले गोल या संग्रहात आहेत. सतराव्या शतकातला हिंदी महासागराचा नकाशा समोर आला की मी गोव्यापासून उत्तरेकडे बोट फिरवत दाभोळ आणि चौल ही नावे शोधायला लावतो. पाहुणा कोकणातला असेल, तर तो तिथून लवकर हलत नाही.

याच संदर्भात एक तक्रार नोंदवतो. कंपनीच्या बोधचिन्हापुढे उभे राहून हसरी छायाचित्रे काढण्याची हौस मला कळत नाही. याच कंपनीने १६२१ मध्ये जायफळासाठी बांदा बेटांवरची जवळजवळ सारी वस्ती नष्ट केली आणि आशियात गुलामांचा व्यापारही केला. अ‍ॅम्स्टरडॅमच्या शहर संग्रहालयाने २०१९ पासून सतराव्या शतकासाठी ‘सुवर्णयुग’ हा शब्द वापरणे थांबवले आहे. आपण त्यांच्याहून अधिक भारावून जाण्याचे कारण नाही.

थोडक्यात सांगण्यासारख्या चुका

दुपारी तीननंतर पोहोचू नये. संग्रहालय पाच वाजता बंद होते आणि हे दोन तासांत उरकण्याचे काम नव्हे. माझ्या मते किमान चार तास हवेत. ‘ठळक दहा वस्तू’ दाखवणाऱ्या याद्यांवर विसंबणाऱ्यांनी घरी बसून छायाचित्रेच पाहावीत.

बुधवारी दुपारी जाणे टाळावे, कारण डच प्राथमिक शाळा त्या दिवशी बहुधा लवकर सुटतात आणि जहाजावर मुलांचा गजबजाट असतो.

मध्यवर्ती स्थानकापासून पायी साधारण वीस मिनिटे लागतात. तेवढ्यासाठी टॅक्सी करू नये. वाटेत छायाचित्र काढण्यासाठी तांबूस रंगाच्या पट्ट्यावर उभे राहू नये. तो सायकलींचा रस्ता आहे आणि इथले सायकलस्वार घंटा एकदाच वाजवतात.

प्रवासाच्या मोठ्या बॅगा स्थानकावरच्या लॉकरमध्ये ठेवून यावे. जहाजावरचे जिने उभे आहेत, छत खाली आहे आणि उंच माणसाचे डोके एकदा तरी आपटतेच. बाबागाडी तिथे चालत नाही. गुडघ्यांचा त्रास असलेल्या आजी-आजोबांना धक्क्यावरूनच जहाज दाखवावे आणि आत दालनांत अधिक वेळ द्यावा. पावसात जहाजाचा वरचा मजला निसरडा होतो, तेव्हा चपला नकोत.

रोख पैशांवर अवलंबून राहू नये, कार्ड जवळ असावे. आठवडाभराच्या मुक्कामात बरीच संग्रहालये पाहायची असतील, तर शहराचे पर्यटन कार्ड घेण्याचा हिशेब आधी करावा. नेदरलँड्समध्ये राहणाऱ्या यजमानांकडे संग्रहालयांचे वार्षिक कार्ड असते, परंतु ते फक्त त्यांच्यापुरते चालते; ‘तुमच्या कार्डावर आम्हाला घ्या’ असा आग्रह तिकीट खिडकीपाशी धरू नये.

२७ एप्रिलला, राजाच्या वाढदिवशी, सारे शहर रस्त्यावर असते आणि संग्रहालय बंद असते. त्या दिवशीची तिकिटे मिळत नाहीत म्हणून मला फोन करू नये.